शून्याच्या मधोमध

बत्तीस वर्षं मी गणित शिकवतेय, आणि या बत्तीस वर्षांत ‘बाई, तुमचं चुकलं’ असं तोंडावर सांगणारा एकही माणूस मला भेटला नव्हता. पाठीमागे सांगणारे असतील, शाळा आहे ती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची हकिकत वाचून कुणी मला गरीब गाय समजेल आणि ते मला चालणार नाही.

मागच्या वर्षी जुलैत आमच्या शाळेनं ठरवलं, मुलींना नेमबाजी शिकवायची. खेळाच्या सरांची बदली झालेली, मुलींसोबत जायला बाईमाणूस हवं, म्हणून मुख्याध्यापकांनी मला न विचारता माझं नाव लिहून टाकलं. छप्पन्न वर्षांची बाई, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, आणि तिला पिस्तुलं बघायला पाठवतात! मी तणतणतच आठ मुली घेऊन नेवासा फाट्यावर गेले.

रेंज म्हणजे पत्र्याची शेड. पूर्वी तिथं खताचं गोदाम होतं, युरियाचा वास अजून गेलेला नाही. एका टोकाला टेबल, तिथून दहा मीटरवर चार टार्गेटं. टार्गेट म्हणजे वीतभर कागदी कार्ड, त्यावर काळं वर्तुळ. कार्डं पुढे-मागे करायला सायकलीच्या रिमांवरून दोऱ्या ओढलेल्या. आणि या सगळ्याचा मालक, झाडूवाला, शिक्षक असं सगळं मिळून एकच माणूस, मच्छिंद्र दहातोंडे.

त्याला बघितल्यावर मी उगाचच मुली पुन्हा मोजल्या. सतरा वर्षांपूर्वी हा माझ्या नववी ‘ब’मध्ये शेवटच्या बाकावर बसायचा. खिशात गलोल, तोंडात चिंच. वीस गुणांच्या घटक चाचणीत त्यानं दहा गणितं उतरवून प्रत्येकापुढं नुसतं उत्तर लिहून दिलं होतं. ना रीत, ना कच्चं काम. दहाच्या दहा बरोबर. असं कधी असतं का? मी पेपरावर मोठं लाल शून्य काढलं आणि खाली लिहिलं, ‘रीत कुठे? कॉपी?’ वर्गासमोर वाचूनही दाखवलं. दिवाळीनंतर मच्छिंद्र शाळेत आलाच नाही. पुण्यात एका रेंजवर फरशी पुसायला आणि कार्डं बदलायला लागला, एवढं कानावर आलं होतं. तिथंच बघून बघून तो शिकला, पुढं राज्याची पदकं आणली आणि गावाकडं येऊन ही शेड उभी केली.

“या बाई,” तो म्हणाला. “बसा. खुर्ची हाय.”

खुर्ची चौथ्या टार्गेटच्या टेबलाशी होती आणि तिच्या शेजारच्या भिंतीवर प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक जुना चौकटीचा कागद टाचलेला होता. त्यावर मोठं लाल शून्य. मी शून्य वरून सुरू करते आणि बंद करताना त्याला एक छोटी शेपटी राहते, ती शेपटीही होती. शून्याच्या मधोमध छर्ऱ्यांची दहा भोकं, एकाला एक लागून. लाल रेघेला एकाचाही धक्का नव्हता.

मी कागद बघितला नाही असं दाखवलं. मी बघितलं हे आपण बघितलं नाही, असं त्यानं दाखवलं.

मुलींच्या पहिल्या छर्ऱ्यांनी पत्रा वाजायला लागला तेव्हा मला राहवलं नाही. “अगं, सोपं आहे,” मी म्हटलं. “नजर सरळ, हात सरळ. लक्ष द्यायचं, झालं.”

मच्छिंद्रनं पिस्तूल माझ्यापुढं धरलं. “मग मारा की बाई.”

मी मारलं. कार्ड जागेवर राहिलं आणि त्याची दोरी तुटून खाली पडली. मुली इतक्या हसल्या की आरती नावाच्या पोरीला उचकी लागली. दुसऱ्या दिवशी मुलींचा तास नव्हता, तरी मी एकटी शेडवर गेले. अपमान गिळणं मला जमत नाही.

मग सुरू झालं माझं शिक्षण, आणि त्याचा सूड. “बाई, मान वर.” “बाई, पोक काढू नका.” “बाई, खिडकीतनं काय दिसतंय? हिकडं लक्ष.” माझीच वाक्यं, माझ्याच सुरात! पिस्तूल एका हातानं धरायचं, दुसरा हात खिशात ठेवायचा अशी पद्धत. साडीला खिसा कुठला? पदर कमरेला घट्ट खोचायचा आणि डाव्या हाताचा अंगठा त्यात अडकवायचा, हा तोडगा त्यानंच काढला. घरी मी पाण्यानं भरलेला तांब्या हाताच्या अंतरावर धरून उभी राहायचे. माझे यजमान रॉबिन एसटीतून निवृत्त झालेले, दिवसभर घरीच. ते तांब्याखाली झाडाची कुंडी आणून ठेवायचे, म्हणजे सांडलेलं पाणी वाया जायला नको.

नळीच्या टोकाला एक छोटी उभी पट्टी असते, तिला माशी म्हणतात. मागच्या बाजूला एक खाच असते. माशी खाचेच्या बरोबर मध्ये दिसली पाहिजे आणि नजर त्या माशीवरच पाहिजे. समोरचं काळं वर्तुळ पुसट दिसतं, ते पुसटच राहू द्यायचं. हे मला पटेना. जिथं मारायचं तेच पुसट?

“बाई, तुमी उत्तराकडं बघताय,” मच्छिंद्र म्हणाला. “रीत हितं हाय, हातापाशी. हितली रीत नीट झाली की तिकडलं उत्तर आपोआप येतंय.”

मी त्याच्याकडं रोखून बघितलं. तो शांतपणे दोरी ओढत होता.

सप्टेंबरपर्यंत माझे छर्रे कार्डावर पडायला लागले, पण सगळे एकाच जागी. वर आणि उजवीकडं. कार्डाला घड्याळ मानलं तर दोन वाजता. काळ्याच्या काठावर, सात-आठ गुणांत. मच्छिंद्रनं पिस्तुलाचे स्क्रू फिरवले. दोन दिवस बरं गेलं, की पुन्हा दोन वाजता. मूठ घासून बारीक केली. पाय सरकवले. शेवटी मी म्हटलं, पिस्तूलच वाकडं आहे. त्यानं तेच पिस्तूल घेतलं, बोलता बोलता पाच छर्रे मारले आणि कार्ड माझ्या हातात दिलं. मध्ये एकच भोक होतं.

त्याच आठवड्यात मला दुसरी एक गोष्ट कळली. मुलींच्या स्पर्धेच्या अर्जावर प्रशिक्षक म्हणून सही होती पुण्याच्या कुठल्या तरी गृहस्थांची. त्यांनी या पोरी बघितल्याही नव्हत्या. सही करायला प्रमाणपत्र लागतं, प्रमाणपत्राच्या कोर्सला दहावी पास लागते, आणि मच्छिंद्र नववीतून उठून गेलेला. कुणामुळं, ते भिंतीवर टाचलेलं होतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मी खोटं कशाला सांगू, मला फार वाईट वाटलं.

पण माफी मागायची सवय नसली की माणूस आडवळणानं जातो. दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, “सतरा नंबरचा फॉर्म भर. बाहेरून दहावीला बस.”

“बाकीचं जमंल बाई. गनिताला न्हाई बसनार.”

“का?”

“रीत येत न्हाई ना मला,” तो म्हणाला, आणि गालातल्या गालात हसला.

मी चिडले. मग आमची पैज लागली. डिसेंबरात नगरला जिल्ह्याची निवड होती, पन्नाशीपुढच्या बायकांचा वेगळा गट. साठ छर्रे, सहाशे गुण, राज्यासाठी पाचशे लागत होते. मी पाचशे केले तर मच्छिंद्र गणितासकट दहावीला बसणार. नाही केले तर मी नववी ‘ब’च्या दाराबाहेर एक अख्खा तास कान धरून उभी राहणार, आणि त्या तासाला मच्छिंद्र आत शेवटच्या बाकावर बसणार, चिंच खात.

ही गोष्ट आरतीच्या कानावर गेली, म्हणजे आकाशवाणीवर गेली. दुसऱ्या दिवसापासून नववी ‘ब’ची पोरं माझ्याकडं इतक्या प्रेमानं बघायला लागली की मला कळलं, ही सगळी माझ्या हरण्याची वाट बघतायत.

माझे गुण तेव्हा चारशे चाळीसच्या पुढं सरकत नव्हते. रॉबिनना माझी काळजी वाटली, आणि त्यांना काळजी वाटली की ते गप्प बसत नाहीत. रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी प्रार्थनेच्या विनंत्या विचारल्या, तसे हे उठून उभे राहिले आणि म्हणाले, “एस्तेरच्या उजव्या मनगटासाठी प्रार्थना करावी.” बस, एवढंच! पुढचं काही सांगितलं नाही. मंडळीनं मनापासून प्रार्थना केली आणि दुपारी तीनपासून घरी रीघ लागली. दयाबाई एरंडाची पानं तापवून घेऊन आल्या. कुणी सुंठीचा लेप, कुणी पायमोज्यात भरलेली गरम वाळू. “पडलात कुठं?” “प्लास्टर नाही घातलं?” पिस्तुलाचं सांगायची मला लाज वाटली, म्हणून मी मनगट पुढं करून बसून राहिले. रॉबिन सगळ्यांना चहा करून देत होते आणि माझ्याकडं बघत नव्हते.

सोमवारी मी एरंडाच्या वासासकट शेडवर गेले. मच्छिंद्रनं नाक वर केलं. “बाई, लग्नाची हळद लावली का?”

शेवटी दुखणं सापडलं ते शाळेत. ऑक्टोबरात सहामाहीचे पेपर तपासत मी शिक्षकांच्या खोलीत बसले होते. मच्छिंद्र मुलींचे अर्ज द्यायला आला आणि दारातच थांबला. माझं लक्ष नव्हतं. मी तपासत होते. बरोबर, बरोबर, चूक, बरोबर.

“बाई,” तो ओरडला, “घावलं!”

“काय घावलं?”

“परत करा. आत्ता केलं तसं.”

मी बरोबरची खूण केली. त्यानं खिशातून माझं कालचं कार्ड काढून पेपराशेजारी ठेवलं. माझी खूण खाली छोटी टेकते आणि मग झर्रकन वर उजवीकडं जाते. तिचं टोक दोन वाजता. छर्रेही दोन वाजता.

“तुमचं काय हुतंय सांगू का? माशी खाचेत आली, नीट दिसली, की तुमचं मन म्हनतंय ‘बरोबर!’ आन् मनगट खूण करतंय. लई बारीक, पर करतंय. त्याच घटकेला तुमी चाप ओढताय. तीस वर्सं हेच केलंय तुमी, त्याला ते काय करनार?”

मी माझ्या मनगटाकडं बघत राहिले. बत्तीस वर्षांत किती खुणा केल्या असतील! त्या सगळ्या माझ्या हाडात जाऊन बसल्या होत्या.

उपाय त्यानंच सांगितला, आणि तो उपाय मला कडू औषधासारखा लागला. “बरोबर म्हनायचंच न्हाई. मनात बी न्हाई. माशी बघायची, चाप सावकाश मागं आनायचा. कधी सुटला ते तुमाला कळायलाच न्हाई पायजे. सुटल्यावर दोन श्वास हात तसाच. गुन मोजायचे न्हाईत, बेरीज करायची न्हाई. गुन मी देनार.”

“गुण देणं हे माझं काम आहे, दहातोंडे.”

“शाळेत. हितं न्हाई.”

त्यानं कार्डं उलटी लावली, कोरी पांढरी बाजू माझ्याकडं. वर्तुळच नाही तर बरोबर काय आणि चूक काय? पंधरा दिवस मी त्या पांढऱ्यावर मारत राहिले. हाताची सवय मोडावी म्हणून शाळेतही खुणा करणं बंद केलं, नुसते गुण लिहायला लागले. पेपर परत मिळाले तेव्हा वर्गात सुतकी शांतता पसरली. आरतीनं हात वर केला. “बाई, एकपण बरोबर नाही? सगळी नापास?” तिला चाळीसपैकी सदतीस होते. पण खुणेशिवाय त्या गुणांवर कुणाचा विश्वास बसेना.

नोव्हेंबरच्या शेवटी मच्छिंद्रनं उलटं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. माझे दहा छर्रे सदऱ्याच्या बटणाएवढ्या जागेत पडले होते. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथं हवेत खूण केली. तो कपाळाला हात लावून बसला.

निवडीच्या दिवशी आम्ही एसटीनं नगरला निघालो. उसाचा हंगाम, पुढं ट्रॉल्यांची रांग, आणि ड्रायव्हर प्रत्येक ट्रॉलीमागं देवाचं नाव घेत होता. रॉबिन मांडीवर डबा घेऊन बसले होते. मच्छिंद्रनं वाटेत एकच गोष्ट सांगितली. “बाई, बेरीज करायची न्हाई.”

नाही केली. देवाशपथ नाही केली. साठ छर्रे, दीड तास. मी फक्त माशी बघितली. एकविसाव्या का बाविसाव्या छर्ऱ्याला मनात ‘बरोबर’ आलंच, मनगटानं आपलं काम केलं आणि मला कळलं की तो दोन वाजता गेला. पिस्तूल टेबलावर ठेवलं, पदर पुन्हा खोचला, पुन्हा उचललं. शेवटच्या दहांना तर चाप कधी सुटतोय हे खरंच कळत नव्हतं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मी काहीतरी केलं आणि ते तपासलं नाही. इतकं हलकं वाटत होतं म्हणून सांगू!

त्यात वीज गेली. कार्डं तपासून गुण हातानंच मांडायचे ठरले. स्वेटर घातलेले एक वयस्कर पंच कागदावर बेरजा करत बसले आणि अर्ध्या तासानं त्यांनी कागद फळ्यावर चिकटवला. मी पुढं होऊन माझ्या नावाखालचा शेवटचा आकडा बघितला.

४९१.

नऊ गुण कमी. कान धरून उभं राहायचं मला काही वाटत नव्हतं, खरंच नव्हतं. पण मच्छिंद्र आता दहावीला बसणार नाही, आणि त्या पोरींच्या अर्जावर त्या पुण्याच्या माणसाची सही होत राहणार. पुन्हा माझ्यामुळंच. मला रडू आलं आणि ते लपवायला मी रॉबिनच्या डब्याचं झाकण उघडून आत बघत बसले.

मच्छिंद्र कागदापुढं उभा होता. त्यानं वरपासून खालपर्यंत एक नजर टाकली. मग हसला. हसणारच, पैज जिंकलेला माणूस. कान खाजवत तो चहाच्या टपरीकडं चार पावलं गेला, थांबला, स्वतःशीच काहीतरी पुटपुटला आणि परत आला.

“सायेब, ह्ये पाचशे एक हाय.”

पंचांनी चष्म्यावरून बघितलं. “तुम्ही कोण? प्रशिक्षक? प्रमाणपत्र आहे?”

“न्हाई.”

“मग कशावरून पाचशे एक?”

“दिसतंय की.”

“दिसतंय म्हणजे? असं तोंडानं सांगून चालत नाही. रीत दाखवा.”

माझे कान तापले. ते वाक्य माझं होतं. तोच सूर, तीच वर गेलेली भुवई. आणि मच्छिंद्र तसाच उभा होता, नववी ‘ब’मध्ये उभा राहायचा तसा, एका पायावर भार टाकून, खाली बघत.

मी डबा रॉबिनच्या हातात कोंबला आणि कागदापाशी गेले. मघाशी मी फक्त उत्तर बघितलं होतं. आता वरचे सहा आकडे बघितले, दहा-दहा छर्ऱ्यांचे. ८१, ८४, ७९, ८६, ८३, ८८. एककाची बेरीज एक, पाच, चौदा, वीस, तेवीस, एकतीस. एक मांडला, हातचे तीन. पंचांनी हातचे दोन घेतले होते.

“तो सांगतोय ते बरोबर आहे,” मी म्हटलं.

“बाई, लेखी हरकत द्या.”

मी दिली. खाली बेरीज करून, हातचे तीन गोल करून. पंचांनी तीनदा तपासलं, घसा साफ केला आणि ४९१ खोडून ५०१ लिहिलं. रॉबिननं तिथंच ‘हालेलुया’ म्हटलं, शेजारच्या गटातल्या मुलानं दचकून छर्ऱ्यांची डबी सांडली.

टपरीवर मी मच्छिंद्रला विचारलं, “गप्प का नाही बसलास? पैज जिंकला होतास.”

“बसनार हुतो बाई. चार पावलं गेल्तो बी. आख्खा तास तुमी कान धरून, आन् मी चिंच खातोय. सपान बघितलं हुतं मी.” त्यानं चहा फुंकला. “पर चूक दिसली की ऱ्हावत न्हाई. ही खोड तुमचीच, दुसऱ्या कुनाची?”

सोमवारी शाळा सुटल्यावर मी सतरा नंबरचा फॉर्म आणि लाल पेन घेऊन शेडवर गेले. आठही मुली सराव करत होत्या. मी चौथ्या टार्गेटच्या टेबलापाशी जाऊन भिंतीवरचा कागद मागितला. मच्छिंद्र पहिल्यांदाच गांगरला. “ऱ्हाऊ द्या बाई. जुनं हाय.” मी हात पुढं केलेलाच ठेवला. त्यानं टाचण्या काढल्या.

खुर्चीत बसून मी दहाच्या दहा गणितं पुन्हा सोडवली. पंधरा मिनिटं लागली. तो दोरी ओढायचं नाटक करत तिथंच घुटमळत होता. मग मी पहिल्या उत्तरावर बरोबरची खूण केली, झर्रकन, मनगट मोकळं सोडून.

“दोन वाजता गेली, बाई,” तो म्हणाला.

“जाऊ दे.”

दहा खुणा झाल्या. ‘कॉपी?’ खोडलं. राहिले गुण. शून्य पुसता येत नव्हतं, त्याच्या मधोमध तर भोकच होतं. मग मी त्याच्या डाव्या बाजूला तेवढाच मोठा दोन काढला. वीसपैकी वीस.

मच्छिंद्र कागदाकडं बघत राहिला. त्याच्या हातातली दोरी सुटली आणि पलीकडं रिम घरघर फिरत राहिली.

“माझं चुकलं, मच्छिंद्र,” मी म्हटलं. हळूच म्हटलं, कारण पोरी होत्या.

त्यानं नाक ओढलं, डोळे बाहीला पुसले आणि दोन्ही कानांत बोटं घालून हलवली. “काय म्हनलात बाई? पत्रा लई वाजतोय. आयकू न्हाई आलं.”

एकेक करून पिस्तुलं टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. आरतीनं तर मान पुढं काढली होती.

मी उठून उभी राहिले, पदर खोचला आणि शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं पुन्हा म्हटलं. मग फॉर्म त्याच्यापुढं सरकवला आणि सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं.